डिझेलची टाकी विकत आणली म्हणजे ती बसवली असं होत नाही

मंडळी, पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण जालना जिल्ह्यात ज्याच्याकडं पोकलेन, हार्वेस्टर, जिनिंग, खडी क्रशर किंवा मोठा जनरेटर आहे त्यानं ती वाचावी. यांपैकी कशाच्याही शेजारी ज्याचं घर, विहीर नाहीतर पोरांची शाळा आहे त्यानं तर नक्कीच वाचावी. म्हणजे जवळपास सगळेच आले.

आपल्याकडं डिझेलची टाकी कशी "बसते" ते सगळ्यांनी पाहिलंय. रस्त्याचं नाहीतर पुलाचं काम निघतं. ठेकेदार एखाद्याचं रान भाड्यानं घेतो. मुरूम पडतो, पत्र्याच्या खोल्या उभ्या राहतात, वजनकाटा बसतो आणि एक दिवस ट्रेलरवरून कुठूनतरी जुनी टाकी येते. क्रेनवाला विचारतो, "कुठं ठिवू?" सुपरवायझर हात करतो, "ठेव तिथं, खोल्यांच्या मागं. नजरंसमोर राहती." झालं प्लॅनिंग. वीस हजार लिटर डिझेल पुढची दोन-तीन वर्षं कुठं राहणार, हे ठरवायला दहा सेकंद लागले.

नजरेसमोर कशासाठी, तर चोरी होऊ नये म्हणून. आपल्याकडं डिझेलच्या टाकीची जी काही काळजी घेतली जाते ती सगळी चोरीपुरती. कुलूप असतं, कॅमेरा असतो, रात्रीचा वॉचमन असतो, रोज पट्टी टाकून माप घेतलं जातं, लिटरालिटरचा हिशेब वहीत असतो. हीच टाकी कलली, उतू गेली, पेटली तर काय करायचं, याची वही मागून बघा. वॉचमनला तर टाकीच्या बाजूलाच बाज टाकून झोपायला सांगतात. त्याच्या खिशात बिडी-काडी असते.

कुठं आग लागली की पंचनामा ठिणगीचा होतो. शॉर्टसर्किट झालं, कुणी बिडी टाकली, वेल्डिंग चालू होतं. माझं म्हणणं असं की पंचनामा क्रेनवाल्याच्या त्या प्रश्नाचा झाला पाहिजे. टाकी कुठं, कशावर, कशाच्या आत आणि कुणापासून किती लांब ठेवायची हे टाकी यायच्या आधी कागदावर आलं पाहिजे, आणि तो कागद हातात घेऊन कुणीतरी जाणत्या माणसानं जागेवर फिरलं पाहिजे. माझ्या पाहण्यात तरी जिल्ह्यात हे होत नाही. जिथं होतं तिथं फायलीपुरतं होतं.

हे बोललं की पहिलं उत्तर ठरलेलं. "डिझेल कुठं पेटतंय राव? काडी टाकली तरी विझती."

काडी विझते हे खरं आहे. थंडीत, थंड डिझेलच्या बादलीत टाकली तर विझते. आता जरा विचार करा. तेल पेटायला आधी त्याची वाफ व्हावी लागते. ज्या तापमानाला त्या वाफेला ठिणगी लागून भडका उडू शकतो त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. आपल्या देशाच्या मानकात, आयएस 1460 मध्ये, डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान 35 अंश सेल्सिअस असावा असं म्हटलंय. पंपावर येणाऱ्या डिझेलचा तो बऱ्याचदा जास्त असतो, पण हमी आहे ती 35 चीच. आणि जालन्याचा मे महिना किती अंशांचा असतो? 42-43 तर सावलीत. उन्हात उभ्या असलेल्या लोखंडी टाकीच्या पत्र्याला दुपारी दोन वाजता हात लावून बघा, म्हणजे आतल्या वाफेचं काय चाललंय ते कळेल. "डिझेल पेटत नाही" हे वाक्य जिथं कुणी पहिल्यांदा म्हटलं असेल तिथं बहुतेक बर्फ पडत असावा.

दुसरं म्हणजे वात. पणतीत भरलेल्या तेलाला काडी लावून ते पेटत नाही, पण वातीला लावली की रात्रभर जळतं. हे आपल्या आजीलाही माहीत होतं. डिझेल सांडलेलं पोतं, तेलकट चिंधी, टाकीखालचं वाळलेलं गवत, जिनिंगच्या आवारात उडून येऊन बसलेला कापूस, या सगळ्या वाती आहेत. जिनिंगवाल्यांना कापसाची आग काय असते हे मी सांगायची गरज नाही. तरी जनरेटरची टाकी कापसाच्या गंजीपासून हाकेच्या अंतरावर असते.

आणि एकदा पेटलं की डिझेल किती जळतं हे बघायचं असेल तर फार लांब जायला नको. 6 ऑक्टोबर 2017 ला मुंबईजवळच्या बुचर बेटावर वीज पडून डिझेलची मोठी टाकी पेटली. समुद्राच्या मधोमध, चारी बाजूंनी पाणी, मुंबईसारख्या शहराची यंत्रणा हाताशी, तरी ती आग काही दिवस चालली. आपल्याकडं पावसाळ्याआधीच्या अवकाळीत विजा किती पडतात आणि माणसं-जनावरं किती जातात हे दरवर्षी वाचतोच. तरी रानातल्या टाकीला अर्थिंगची पट्टी जोडलेली तुम्ही शेवटची कधी पाहिली?

आता कायदा. इथं थोडं नीट वाचा, कारण याच जागी लोक एकमेकांना फसवतात.

पेट्रोलियम कायदा 1934 चा, नियम 2002 चे. पेट्रोल "अ" वर्गात येतं, डिझेल "ब" वर्गात. विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल 30 लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येतं. (किराणा दुकानात बिसलेरीच्या बाटल्यांत पेट्रोल विकणाऱ्यांनी "विक्रीसाठी नसलेलं" हे दोन शब्द परत वाचावेत.) डिझेलचं असं की एका ठिकाणी एकूण 2,500 लिटरपर्यंत असेल आणि त्यातलं कुठलंही भांडं 1,000 लिटरहून मोठं नसेल तर परवाना लागत नाही. दोन्ही अटी एकत्र आहेत. "अडीच हजारापर्यंत चालतंय" म्हणत जे अडीच हजारांची एकच टाकी ठोकून देतात ते पहिल्या दिवसापासून कायद्याबाहेर आहेत.

त्यापुढं गेलात की पेसो, म्हणजे आपण ज्याला एक्सप्लोझिव्हचं लायसन म्हणतो ते. मुख्यालय नागपूरला. नकाशे मंजूर करून घ्यायचे, जिल्हाधिकाऱ्यांचं ना-हरकत प्रमाणपत्र आणायचं, मग टाकी. पण मला भीती वाटते ती अडीच हजारांच्या आतल्यांची. कायद्यानं तिथं परवान्याची रेघ मारली. लोकांनी ती आगीची रेघ समजून घेतली. जाळीच्या पिंजऱ्यातल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या हजार-हजार लिटरच्या दोन टाक्या आणि वर दोन बॅरल, हे सगळं नियमाच्या आकड्यात बसतं. आगीला आकडे वाचता येत नाहीत. काही ठिकाणी तर घराच्या गच्चीवर असते तसली काळी पाण्याची टाकी डिझेलला वापरलेली मी स्वतः बघितली आहे. पाण्याची टाकी! तिला ऊन सोसायला बनवलंय, तेल सोसायला नाही, आणि आग जवळ आली की ती मेणासारखी बसते. बसली की आतलं सगळं एकाच वेळी बाहेर.

हे सगळं अलीकडं वाढलंय असं मला वाटतं आणि त्याला कारणं आहेत. मार्च 2022 मध्ये घाऊक ग्राहकांना मिळणारं डिझेल लिटरमागं 25 रुपयांच्या आसपास महागलं, पंपावरचा दर मात्र तिथंच राहिला. ज्याला हिशेब कळतो तो काय करणार? कंपनीचा टँकर बंद केला आणि पंपावरून बॅरल भरून आणायला लागला. मग आला जानेवारी 2024. हिट अँड रनच्या नव्या कायद्यावरून टँकरचालक संपावर गेले, मनमाडजवळ पानेवाडीहून निघणारे टँकर थांबले आणि दोन दिवसांत पंपांवर रांगा लागल्या. ज्याचं यंत्र उभं राहिलं त्याच्या मनात एकच गोष्ट बसली, आपल्याकडं साठा पाहिजे. यात त्याची चूक आहे असं मी म्हणत नाही. पोकलेन एक दिवस बंद राहिलं तरी बँकेचा हप्ता बंद राहत नाही. साठा ठेवा. पण साठा ठेवायचा तर तो ठेवायची जागा आधी बनवा. आपण भुसार ठेवायला कोठार बांधतो, कडब्याला गंजी रचतो, वैरणीत पाणी जाऊ नये म्हणून डोकं लावतो. मग डिझेलनंच काय घोडं मारलंय?

आता जागेकडं येऊ. माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते जमिनीकडं.

आपली काळी माती. कापसाला सोनं आहे, बांधकामाला वैरी आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात इतकी फाटते की भेगेत हात जातो. तिच्यावर घर बांधताना आपण मुरुमापर्यंत खोदतो, भरावाचे थर दाबतो, मग पाया घेतो. वीस हजार लिटर डिझेल म्हणजे साधारण सतरा टन वजन, वर टाकीचं लोखंड. एवढं ओझं चार दगडांवर किंवा रचलेल्या विटांच्या दोन ओट्यांवर ठेवतात, थेट काळ्या रानात. पहिल्या पावसात एक बाजू चार बोटं खचते. टाकी लगेच पडत नाही, जरा कलते. कलली की नळीच्या जोडावर ताण येतो. जोड ढिला झाला की थेंब सुरू होतो. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला दोन-चार लिटर, वर्षाला हजाराच्या घरात. वहीत ते "घट" म्हणून जातं.

पायाखालची जमीन हलली तर काय होतं हे रशियानं 2020 मध्ये पाहिलं. नोरिल्स्क नावाच्या शहराजवळ वीज केंद्राची राखीव डिझेलची टाकी होती. 29 मे ला तिच्या खालचे आधार खचले, टाकी फाटली आणि जवळपास 20 हजार टन डिझेल जमिनीत आणि नदीत गेलं. नदी लाल दिसत होती, उपग्रहातून. तिथली जमीन बर्फानं गोठलेली, ती वितळून खचल्याचं कारण सांगितलं गेलं. आपली जमीन फुगते आणि आटते. कारण वेगळं, पण टाकीला काय, खालून कुणी तरी हललं एवढंच कळतं. कंपनीला 146 अब्ज रूबलचा दंड झाला आणि तिनं तो भरला. आपल्याकडचा ठेकेदार भरेल का, आणि त्याच्याकडून तो वसूल कोण करेल, हा प्रश्न मी मोकळा ठेवतो.

पाया झाला की पाण्याची चाचणी. टाकी डिझेलनं भरायच्या आधी पाण्यानं काठोकाठ भरायची, निदान एक दिवस तशीच ठेवायची, जोड बघायचे, चारी कोपऱ्यांची पातळी मोजायची. पाणी डिझेलपेक्षा जड असतं, त्यामुळं पाण्यानं जी टाकी खचली नाही ती डिझेलनं सहसा खचत नाही. यावर मला एका साइटवर उत्तर मिळालं होतं, "साहेब, इथं प्यायला पाणी नाही अन् तुम्ही टाकीत भराय सांगताव." बरोबर आहे, जालन्यात हे उत्तर चपखल बसतं. पण वीस हजार लिटर म्हणजे दोन टँकर. तेच पाणी नंतर काँक्रीटवर मारता येतं, रस्त्यावर धूळ बसवायला लागतंच. नसेल करायचं तर तसं सांगा, पाण्याचं नाव पुढं करू नका.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर बंधाऱ्याबद्दल बोलतो. टाकीभोवती जी भिंत बांधतात तिला आपण बंधारा म्हणू, कारण काम तेच. सगळ्यात मोठ्या टाकीतलं सगळं तेल बाहेर आलं तरी ते या भिंतीच्या आत मावलं पाहिजे. हिशेब शाळेतल्या पोराचा आहे. वीस हजार लिटर म्हणजे 20 घनमीटर. आतली जागा सहा मीटर बाय पाच मीटर घेतली तर भिंत पाऊण मीटर तरी उंच पाहिजे, आणि टाकीचे ओटे जी जागा खातील तिची भर वेगळी. तळ काँक्रीटचा, भिंतीला भेग नाही. एवढंच. टाकीच्या किमतीपुढं याचा खर्च फार नाही, पण टाकी पुढच्या साइटवर नेता येते आणि भिंत नेता येत नाही. म्हणून भिंत बांधली जात नाही. ठेकेदार हे तोंडानं म्हणत नाही, पण कारण हेच आहे.

जिथं बांधली जाते तिथं आणखी एक गंमत. पावसाचं पाणी साठतं म्हणून भिंतीच्या बुडाला भोक ठेवतात आणि ते कायम उघडं असतं. बादलीला बुडात भोक पाडून वर तिला बादली म्हणायचं. पाणी काढायला नळ ठेवा, पण त्याचा कॉक भिंतीच्या बाहेर पाहिजे, बंद पाहिजे, आणि पाणी काढताना माणूस उभा पाहिजे.

इंग्लंडमध्ये बन्सफिल्ड म्हणून इंधनाचा मोठा डेपो होता. 11 डिसेंबर 2005 च्या पहाटे तिथल्या एका टाकीत पेट्रोल येत होतं. पातळी दाखवणारा काटा अडकला. वरचा धोक्याचा स्विच होता, तोही चालला नाही. टाकी भरून वरून वाहायला लागली, खाली वाफेचा ढग जमला आणि सहाच्या सुमाराला स्फोट झाला. रविवारची पहाट होती म्हणून कुणी दगावलं नाही, पण चाळीसवर माणसं जखमी झाली. यातली काट्याची गोष्ट सगळे सांगतात. मला महत्त्वाची वाटते ती पुढची. टाक्यांभोवती बंधारे होते. पण त्यांच्या सांध्यांतून आणि भिंतीतून जिथं पाइप गेले होते तिथून तेल आणि आग विझवायचा फेस बाहेर झिरपला आणि जमिनीखालच्या पाण्यात गेला. एवढ्या श्रीमंत देशात, एवढ्या मोठ्या डेपोत, भिंतीतल्या पाइपाच्या भोकानं घात केला. आपल्याकडं अजून भिंत आहे का इथंच गाडी अडली आहे.

आता हेच आपल्या जमिनीवर आणून बघा. वर काळी माती, उन्हाळ्यात भेगाळलेली. खाली मुरूम आणि त्याखाली बेसाल्टचा खडक. आपल्या विहिरींना आणि बोअरना पाणी येतं ते याच मुरुमातून आणि खडकाच्या फटींतून. सांडलेलं डिझेल भेगेतून उतरतं आणि पाण्याची वाट धरतं. किती लांब जाईल, कुणाच्या बोअरमध्ये निघेल हे आधी कुणी सांगू शकत नाही. एकदा पाण्याला रॉकेलचा वास आला की ती विहीर किती वर्षांसाठी गेली हेही नाही. 2013 चा उन्हाळा ज्यांनी काढलाय, रात्री दोनला टँकरच्या नळीखाली घागर धरलीय, त्यांना विहिरीची किंमत सांगायला नको. दुधना, कुंडलिका, पूर्णा, गोदावरी यांच्या काठच्या कॅम्पांबद्दल तर बोलायलाच नको. तिथं एक पाऊस पुरतो.

भरण्याच्या वेळचं थोडक्यात. टाकी काठोकाठ भरायची नसते, कारण डिझेल तापलं की वाढतं. दहा अंशांनी तापलं तर वीस हजार लिटरचं साधारण 165 लिटर जास्त होतं. पहाटे टँकर खाली केला, गळ्यापर्यंत भरली, दुपारी झाकणातून वाहतंय, मग "कुणी सांडलं?" म्हणून पोराला शिव्या. टाकीला हवा जायला-यायला मोकळी नळी पाहिजे, तिच्या तोंडाला जाळी पाहिजे. ती नळी चेंबली, गांधीलमाशीनं घर केलं की टाकी एकतर फुगते नाहीतर आत बसते. भरताना पोकलेन, जनरेटर बंद, मोबाईल लांब, टँकर अर्थिंगला जोडलेला. वरून विजेची तार गेलेली नको. आणि रिकाम्या टाकीला "रिकामी आहे, काय होतंय" म्हणून वेल्डिंग लावायचं नाही. भरलेल्या टाकीत वाफेला जागा थोडी असते, रिकामीत सगळी जागा वाफेचीच. तिला नीट धुऊन, हवा देऊन, तपासल्याशिवाय तिच्यावर ठिणगी म्हणजे बॉम्बवर हातोडा. गॅरेजवाल्या पोरांनी हे मनावर घ्या, मरणारे तुम्हीच असता.

आग लागलीच तर? डिझेलच्या आगीवर नुसत्या पाण्याचा फवारा मारला तर तेल पाण्यावर तरंगतं आणि पेटतं तेल घेऊन पाणी उताराला धावतं. तिथं फेस लागतो, नाहीतर सुरुवातीलाच कोरडी पावडर आणि वाळू. आपल्या नगरपालिकांच्या बंबांत फेसाचा साठा किती आहे? मंठ्याच्या किंवा घनसावंगीच्या शिवारातल्या कॅम्पवर जालन्याहून बंब निघाला तर पोचायला किती वेळ? मला वाटतं याची उत्तरं आग लागायच्या आधी छापून यायला पाहिजेत. जयपूरला 29 ऑक्टोबर 2009 ला सीतापुऱ्याच्या तेल डेपोत गळती सुरू झाली आणि बाहेर पडणारं पेट्रोल तासाभराहून जास्त वेळ वाहत राहिलं, कारण वाफेमुळं कुणाला व्हॉल्व्हपाशी जाता येईना आणि लांबून बंद करायची सोय कामाची नव्हती. पुढं अकरा दिवस डेपो जळत होता. तो देशातल्या बड्या सरकारी कंपनीचा डेपो होता, चौकशी समित्या बसल्या, सुधारणा झाल्या. आपल्या रानातल्या टाकीचा कॉक मात्र आजही टाकीच्याच बुडाला आहे, आग लागली तर जिथं हात घालता येणार नाही बरोबर तिथं.

कुणी म्हणेल, एवढं कशाला ताणता, आपल्या जिल्ह्यात असं काही मोठं झालंय का? ऑगस्ट 2024 मध्ये आपल्या एमआयडीसीतल्या एका पोलाद कारखान्यात भट्टीचा स्फोट झाला, कामगार भाजले. भट्टी वेगळी, टाकी वेगळी, मान्य. पण भाजलेली माणसं कोण होती ते आठवा. बाहेरून पोटासाठी आलेले. कॅम्पवर टाकीच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत बायका-पोरांसह राहतात तेही तेच. बिहार, झारखंड, युपीहून आलेले, नाहीतर आपल्याच मंठा-परतूरचे. चूल खोलीच्या दारात, टाकी खोलीच्या मागं. मालकाचा बंगला कधी डिझेलच्या टाकीशेजारी पाहिलाय?

"तात्पुरतं आहे" हे दुसरं लाडकं उत्तर. समृद्धी महामार्गाच्या कामाला किती वर्षं कॅम्प होते ते बघा. आता जालना-नांदेड महामार्ग येतोय. पुन्हा कॅम्प, पुन्हा टाक्या, पुन्हा "तात्पुरतं". टाकी तात्पुरती असते, तेल पिलेली माती त्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर कायमची असते.

आणि आता साहेब लोकांना. ना-हरकतीसाठी अर्ज आला की तो तलाठ्याकडं, पोलिसाकडं, बांधकाम खात्याकडं, ग्रामपंचायतीकडं फिरतो. प्रत्येक जण "आमची हरकत नाही" लिहून पुढं ढकलतो. हरकत नाही हे लिहायला जागा बघावी लागत नाही, हरकत आहे लिहायला बघावी लागते. नियमात जिल्हाधिकाऱ्यांना यासाठी तीन महिन्यांची मुदत आहे. त्या तीन महिन्यांत एक दिवस एका माणसानं टेप घेऊन जागेवर जायला काय हरकत आहे? सरपंचांनाही विचारतो, तुम्ही ज्या कागदावर शिक्का मारला त्याच्यातला नकाशा उघडून पाहिला होता का? त्यात शाळा दाखवली होती का?

मी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज देतोय. मागण्या साध्या आहेत. जिल्ह्यात डिझेल साठवणुकीच्या ज्या ना-हरकती दिल्या त्यांची गाववार यादी लावा. सरकारी कामाच्या निविदेतच ठेकेदाराच्या टाकीचा पाया, बंधारा आणि मजुरांच्या खोल्यांपासूनचं अंतर याची अट घाला, आणि ती पूर्ण झाल्याचा फोटो असल्याशिवाय पहिलं बिल काढू नका. बिल अडलं की भिंत आठ दिवसांत उभी राहते, हा आपल्याकडचा अनुभव आहे. प्रत्येक तालुक्याच्या बंबात फेस ठेवा. अडीच हजार लिटरच्या आतल्यांना परवान्याच्या कटकटीत ओढू नका, गरीब हार्वेस्टरवाला हफ्त्यांतच मरेल, पण एक पानी मराठी सूचना छापून प्रत्येक पंपावर लावा. बॅरल तिथूनच भरले जातात.

शेवटी ज्या शेतकऱ्यांकडं महामार्गाच्या कॅम्पसाठी जागा मागायला लोक यायला लागलेत त्यांच्यासाठी. भाडं किती मिळतं ते बघताच, पण करारात सही करायच्या आधी हे लिहून घ्या, असंच्या असं उतरवून घेतलं तरी चालेल: "कॅम्प सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर गटातील विहिरीचे, बोअरचे पाणी आणि टाकीच्या जागेची माती ठेकेदाराच्या खर्चाने सरकारी प्रयोगशाळेत तपासली जाईल. टाकी काँक्रीटच्या तळावर आणि संपूर्ण तेल मावेल अशा भिंतीच्या आत ठेवली जाईल. तेल सांडून माती किंवा पाणी खराब झाल्यास ती माती काढून टाकणे, नवी माती भरणे आणि पाण्याची पर्यायी सोय करणे ही ठेकेदाराची जबाबदारी राहील व त्यासाठी अनामत रक्कम जागामालकाकडे जमा राहील." ठेकेदार अनामतीला नाही म्हणाला तर तुम्हाला काय ते कळेलच. करार झाला असेल तर त्याची प्रत घेऊन मला इनबॉक्समध्ये सांगा, गाव आणि गट नंबर टाका, अर्जाला यादी जोडायची आहे.